माणूस आहे

सांगते. पण आधी तुमची ती पिशवी त्या खुर्चीवरच असू द्या, उचलू नका. तुम्ही इकडे बसा, दिव्याजवळ. हं, आता ठीक.

मी चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायचं काम करते. समोरच्याला दिवसभर एकच सांगत असते, दिसतंय तेवढंच वाचा, अंदाज करू नका. पण माणसं भारी लबाड. शेवटच्या ओळीतलं अक्षर दिसत नसलं तरी काहीतरी ठोकून देतात. मला या थापांची चीड आहे, म्हणून मीही आज दिसलं आणि ऐकू आलं तेवढंच सांगणार. अर्थ तुमचा तुम्ही लावा. मला तो अजून लागलेला नाही.

काम अगदी साधं होतं. ताईला सिनेमाला न्यायचं होतं.

ताई माझ्याहून बरीच मोठी. आई लवकर गेली, त्यामुळे माझ्या वेण्याही तिनेच घातल्या आणि धपाटेही तिनेच घातले. लग्नानंतर तिने राहत्या घरात पाळणाघर काढलं. बाहेरच्या खोलीत इवल्या इवल्या खुर्च्या, कापडी अस्वलं आणि दुधाचा वास, असा तिचा संसार. भाऊजी लिफ्ट दुरुस्त करायचे. शहरात कुठे ना कुठे कोणीतरी लिफ्टमध्ये अडकलेलंच असायचं, आणि तेही नेमकं भाऊजींची घरी निघायची वेळ झाली की. त्यामुळे त्या माणसाला आयुष्यात कधी वेळेवर पोचता आलं नाही. स्वतःच्या लग्नालाही ते ग्रीसचे हात पुसत आले होते, असं ताई चारचौघांत सांगायची आणि ते मान खाली घालून हसायचे.

दोघांनाही सिनेमाचं वेड. शहराच्या मधोमध एक जुनं थेटर आहे, तिथला दुपारचा खेळ त्यांचा ठरलेला. ताई आधी जाऊन बसायची. वाटेलगतची कडेची खुर्ची भाऊजींची, तिच्यावर त्यांचा निळ्या काठाचा रुमाल टाकून ठेवायची. कोणी विचारलं की म्हणायची, "माणूस आहे." भाऊजी कधी अर्ध्या तासाने उगवायचे, कधी मध्यंतरानंतर. अंधारात वाकून, परक्या माणसाचा आवाज काढून विचारायचे, "जागा आहे का हो, बाई?" ताई पडद्यावरची नजर न काढता उत्तर द्यायची, "माणूस आहे." मग "बरं बरं" म्हणून ते दोन पावलं पुढे जायचे आणि मागे वळून धपकन येऊन बसायचे. त्यानंतर बराच वेळ दोघांचं खुसुखुसु चालायचं. मी एकदा त्यांच्याबरोबर गेले होते, तर आजूबाजूच्यांच्या नजरांनी मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण खरं सांगते, मला हेवाही वाटला होता.

गेल्या वर्षी अशाच एका दुपारी ते आलेच नाहीत. ताईने सिनेमा संपेपर्यंत जागा धरून ठेवली. येईल त्याला "माणूस आहे" म्हणून वाटेला लावलं. दिवे लागले तशी ताडकन उठली, रुमाल पर्समध्ये कोंबला आणि आज यांची कशी खरडपट्टी काढायची ते जुळवतच घरी गेली. जिन्यात शेजारी उभे होते. भाऊजी एका उंच इमारतीच्या गच्चीवर, लिफ्टच्या मोटारीपाशी, हातात पाना धरून बसल्या बसल्या गेले होते.

तेव्हापासून ताई घराबाहेर पडली नाही. पाळणाघर बंद केलं. मी रोज डबा घेऊन जायची आणि आदल्या दिवशीचा डबा तसाच परत आणायची. तिचं एकच पालुपद होतं. "मी रागाने उठून आले गं. थोडी थांबले असते, तर आले असते ते." मी समजावलं, ओरडले, रडलेसुद्धा. हाडांचा सापळा झाली होती नुसती. ही पण जाते की काय, असं सतत वाटायचं.

आणि एक दिवस तीच म्हणाली, "मला एकदा त्या थेटरात ने. तो सिनेमा असो नाहीतर दुसरा. एकदा शेवटपर्यंत बसू दे मला. मग तू म्हणशील ते करीन. जेवीन, पाळणाघर उघडीन."

मी लगेच रजा टाकली.

रणरणत्या उन्हाची वेळ होती. चौकात बसगाड्यांचे भोंगे, फुटपाथवर माणसांची रेटारेटी. चपलांचं दुकान आणि मोबाईलचं दुकान यांच्या मधे ते थेटर अंग चोरून उभं होतं. आत शिरलो आणि दार मागे बंद झालं, तसा बाहेरचा सगळा गोंगाट एकदम थांबला. ओल धरलेल्या गालिच्याचा, फिनेलचा आणि जळक्या पॉपकॉर्नचा वास होता. भिंतीवर सूचनांचा एक फलक होता. 'धूम्रपान करू नये', 'खुर्चीवर पाय ठेवू नयेत', हे सगळं उडून फिकट झालेलं. फक्त शेवटची ओळ ताज्या रंगाने पुन्हा गिरवलेली होती. 'रुमाल टाकून जागा धरू नये.'

मला हसू आलं. आत जेमतेम दहा-पंधरा डोकी होती आणि खुर्च्या शेकड्यांनी. जागा धरायची कोणासाठी?

डोअरकीपर म्हणजे एक काटकुळा म्हातारा होता. भर उन्हाळ्यात गळ्याला मफलर आणि नाक वाहत असलेलं. त्याने तिकिटं फाडली आणि बॅटरीचा झोत खुर्च्यांवर टाकत आम्हाला आत सोडलं. सगळ्या खुर्च्या मिटलेल्या होत्या. तुम्ही बघितल्या असतील तसल्या खुर्च्या, बसायचा भाग हाताने खाली दाबून बसायचं, आणि उठलं की स्प्रिंगने तो फाट्‌कन वर जातो.

ताईला झोताची गरज नव्हती. ती सरळ तिच्या रांगेत गेली. आत मी, मग ती, आणि तिच्या डाव्या हाताला वाटेलगतची ती खुर्ची. बसल्या बसल्या तिने पर्समधून निळ्या काठाचा रुमाल काढला आणि मिटलेल्या खुर्चीच्या फटीत खोचला.

"ताई, अगं..."

"असू दे गं."

असू दे म्हटलं, तर मीही असू दिलं. एवढ्या महिन्यांनी तिच्या चेहऱ्यावर जरा रक्त दिसत होतं. दिवे गेले.

पडद्यावर नावांच्या पाट्या चालू असताना एक जाडजूड गृहस्थ पॉपकॉर्नचा पुडा सांभाळत वाटेने आले आणि आमच्यापाशी थांबले. "इथे कोणी आहे का? गुडघा दुखतो हो, कडेची जागा बरी पडते."

ताईने पडद्यावरची नजर काढली नाही. "माणूस आहे," ती म्हणाली.

ते पुटपुटत पुढे गेले. मी मात्र चमकून ताईकडे पाहिलं. तो जुनाच सूर होता. वर्षभराचं दुःख, आजारपण, काही काही त्यात नव्हतं.

सिनेमा मारामारीचा होता. एक माणूस पळत होता आणि बरेच जण त्याच्या मागे पळत होते. मी माझा जीव त्यात रमवायचा प्रयत्न केला. थोड्या वेळाने डावीकडे करकर असा बारीक आवाज झाला. मी वळून पाहिलं. ती कडेची खुर्ची खाली येत होती. कोणी हाताने दाबावी तशी एकदम नाही. आधी जरा खाली आली, थांबली, मग पुन्हा थोडी. म्हातारं माणूस गुडघे सांभाळत बसतं, तशी ती पूर्ण खाली आली आणि मग हललीच नाही.

मला वाटलं, ताई हात टेकवून दाबते आहे. पडद्यावर त्याच वेळी कुठेतरी स्फोट झाला आणि थेटरभर उजेड पडला. ताईचे दोन्ही हात तिच्या मांडीवर होते.

मग तिने डावा हात उचलला आणि दोन खुर्च्यांमधल्या दांड्यावर ठेवला. तळवा वर करून.

स्प्रिंग गेली असेल, जुनं सामान आहे, असं मनाला सांगत बसले. ताई मात्र हसत होती. अंधारात हसणं दिसत नाही, पण सख्ख्या बहिणीचं हसणं शेजारी बसल्यावर कळतं.

मध्यंतराला दिवे लागले. खुर्ची रिकामी होती आणि तरीही खालीच होती. रुमाल तिच्यावर पसरलेला होता, मधोमध दबलेला. मी उठले तशी माझी खुर्ची फाट्‌कन मिटली. ताईपुढून वाकून मी त्या खुर्चीची कड धरली आणि वर उचलून पाहिली. ती तसूभर हलली नाही. जोर लावला, तरी नाही. उलट माझीच बोटं कोणी खाली रेटल्यासारखं वाटलं, म्हणून मी हात काढून घेतला.

"राहू दे गं," ताई लाडात म्हणाली. "सारखं काय त्यांना उठवतेस?"

एवढ्यात डोअरकीपर वाटेने आला. दिवे लागलेले असूनही त्याची बॅटरी चालू होती.

"रुमाल कोणाचा?"

"आमचा," मी म्हणाले. "अहो काका, सगळं थेटर ओस पडलंय. आम्ही जागा अडवून अडवून कोणाची अडवली?"

तो उत्तर द्यायला तोंड उघडणार, तेवढ्यात त्याला खुर्ची खाली दिसली. त्याने बॅटरी बंद केली. आवाज खाली आणून ताईला विचारलं, "नुसता रुमाल टाकलात, की तोंडानेही म्हणालात? माणूस आहे म्हणून?"

ताईने मान हलवली.

"येणारा आहे का कोणी?"

ताई त्या रुमालाकडेच बघत होती.

"येणारा असला तर काही नाही," तो मफलरने नाक पुसत म्हणाला. "किती का उशिरा येईना, त्याची जागा त्याला. पण येणारा कोणी नसताना आहे म्हटलं... तर मग कोणीही येऊन बसतं, बाई. दिवे आहेत तोवर मोठ्याने म्हणा, माणूस नाही. तुम्हीच म्हणालात, तुम्हालाच मोडावं लागेल."

"का म्हणू?" ताई म्हणाली. वर्षभरात तिचा आवाज एवढा खणखणीत मी ऐकला नव्हता. "आलेत ते."

मला त्या म्हाताऱ्याचा भयंकर राग आला. माझी बहीण एवढ्या महिन्यांनी हसत होती आणि हा कुठला उपटसुंभ तिला घाबरवायला निघाला होता! तरी मी ताईला म्हणाले, "म्हणून टाक ना. काय जातंय?" तर तिने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की मी परत माझ्या जागेवर बसले. घंटा झाली. दिवे मंद होऊ लागले.

"तुमची कोण?" डोअरकीपरने मला विचारलं.

"बहीण."

"मग तुमच्या बाजूचा हात धरून ठेवा," तो म्हणाला, आणि जाताना खुर्चीला वळसा घालून लांबून गेला.

मी ताईचा उजवा हात धरला. थंड नव्हता, छान उबदार होता.

पुढचा सिनेमा कुठे चालला होता मला माहीत नाही. माझं सगळं लक्ष डावीकडे. आणि हळूहळू तिकडून वास येऊ लागला. भाऊजींना ग्रीसचा आणि त्यावर घासलेल्या साबणाचा वास यायचा. हा तो नव्हता. ओले कपडे न वाळवता कपाटात कोंडून विसरून जावेत आणि खूप दिवसांनी कपाट उघडावं, तसा हा वास. ताई त्या बाजूला कलून कुजबुजत होती. मधेच मला स्पष्ट ऐकू आलं, "एवढा गार कसा हो हात?" उत्तर आलं नाही. ती पुन्हा हसली, पण आधीइतकं नाही.

"ताई, घरी जाऊ या," मी म्हणाले.

"शेवटपर्यंत बसायचंय ना..."

पडद्यावर रात्र झाली आणि थेटरात मिट्ट काळोख पडला. त्या काळोखात मागचं दार उघडून मिटल्याचा आवाज आला. वाटेवर पावलं वाजली. जड बूट, पण माणूस घाईत. आमच्या रांगेशी पावलं थांबली, आणि त्या ओल्या कपड्यांच्या वासातून वाट काढत दुसरा वास आला. ग्रीसचा. आणि साबणाचा.

कोणीतरी वाकलं.

"जागा आहे का हो, बाई?"

हे इतकं पटकन झालं... ताईने विचारच केला नाही. इतक्या वर्षांची सवय, जिभेच्या टोकावरच होती. पडद्यावरची नजर न काढता, सुरात लाडिक हसू घेऊन ती म्हणाली,

"माणूस आहे."

"बरं बरं."

दोन पावलं पुढे गेली. ताई खुदकन हसली आणि ते हसू अर्ध्यातच थांबलं. माझ्या हातातला तिचा हात ताठ झाला.

पावलं मागे वळली. आली. त्या कडेच्या खुर्चीपाशी येऊन उभी राहिली. नेहमीसारखं धपकन बसायला आली होती ती. पण बसायला जागा नव्हती.

श्वास ऐकू येत होता, जिने चढून आल्यासारखा. भाऊजी कधीच लिफ्टने यायचे नाहीत. मग तोच आवाज, पण आता परक्या माणसाचं सोंग त्यात नव्हतं. थकलेला, आपल्या माणसाचा आवाज.

"बरं."

एकदाच म्हणाले. आणि पावलं निघून गेली. दार उघडलं, मिटलं.

"अगं..." ताईची बोबडी वळली होती. "अगं, ते तर आत्ता आले... आत्ता आले ना? तू ऐकलंस ना? मग हा... माझा हात धरून हा कोण..."

मी तिला ओढलं. ती येईना. येईना म्हणजे, यायला बघत होती पण तिचा डावा हात येत नव्हता. मी उभी राहून दोन्ही हातांनी, होतं नव्हतं तेवढं बळ लावून खेचलं, तेव्हा ती सुटून माझ्या अंगावर कोसळली. आम्ही रांगेच्या दुसऱ्या टोकाने, खुर्च्यांना ठेचकाळत पळत सुटलो. मागे माझी खुर्ची फाट्‌कन मिटली. ताईची मिटली.

आम्ही दारापाशी पोचलो, तेव्हा तिसरी मिटली.

बाहेर तेच ऊन, तोच चौक. चपलांच्या दुकानासमोर एक बाई भाव करत होती. त्या उजेडात मी ताईचा डावा हात बघितला. बोटं पांढरीफटक पडली होती आणि त्यांच्यावर सुरकुत्या आल्या होत्या, दिवसभर पाण्यात धरल्यासारख्या.

ती त्या हाताकडे बघतसुद्धा नव्हती. "मी त्यांना घालवून दिलं," एवढंच म्हणत होती. "एवढ्या लांबून आले होते गं. मीच म्हणाले, माणूस आहे."

दुसऱ्या दिवशी मी एकटीच थेटरात गेले. रुमाल आणायचा म्हणून गेले असं मी घरी सांगितलं, पण खरं तर त्या म्हाताऱ्याला गाठायचं होतं. ताईला पुन्हा इथे आणते, ती म्हणेल माणूस नाही, मग तरी सुटेल ना, असं विचारायचं होतं. त्याने मला आत नेलं आणि बॅटरीचा झोत त्या खुर्चीवर टाकला. ती बाकीच्यांसारखी मिटलेली होती. रुमाल कुठेच नव्हता.

"आता इथे म्हणून काय उपयोग?" तो म्हणाला. "इथून उठलाय तो."

"मग कुठे गेला?"

तो नाक पुसत राहिला. मला दारापर्यंत सोडायला आला आणि जाता जाता म्हणाला, "घरात खुर्ची रिकामी ठेवू नका. काहीतरी असू द्या तिच्यावर. काहीही चालतं."

ताईने दिलेला शब्द मात्र पाळला. जेवायला लागली. पाळणाघर उघडलं. मुलं आली, रडारड आली, दुधाचा वास आला. लोक मला म्हणायचे, तुम्ही तुमच्या बहिणीला पुन्हा माणसात आणलंत. मीही तोंड वर करून ते ऐकून घ्यायची. फक्त संध्याकाळी मुलं घरी गेली, की ताई प्रत्येक इवल्या खुर्चीवर एकेक कापडी प्राणी बसवायची. मोठ्या खुर्च्यांवर उशा, घडी केलेले कपडे, दळणाचा डबा, हाताला येईल ते. तिचा पलंगही बाहेरच्याच खोलीत होता, त्याच्या शेजारच्या खुर्चीवर सगळ्यात मोठं अस्वल. एखादी आई मूल न्यायला आली आणि बसायचं म्हणून तिने उशी उचलली, की ताई हातातलं काम टाकून धावायची. पोरं तिला हसायची. मीसुद्धा चिडवलं तिला, की तुझ्याकडे पाहुण्याला उभ्यानेच चहा प्यावा लागतो. ती हसली नाही.

एकदा मी तिला दवाखान्यात घेऊन गेले होते. बाकावर जागा नव्हती, म्हणून दोघींना खुर्च्या दिल्या, आणि तिच्या डाव्या बाजूला एक खुर्ची मोकळी राहिली. ताईने पर्स त्यावर ठेवायच्या आत एक आजीबाई काठी टेकत आल्या. मी मुद्दाम मोठ्याने म्हणाले, "या, बसा, रिकामी आहे." आजीबाईंनी खुर्चीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"चेष्टा करता होय म्हाताऱ्या माणसाची?" त्या म्हणाल्या आणि भिंतीशी जाऊन उभ्या राहिल्या.

आजीबाईंना मोतीबिंदू होता. माझ्या धंद्यात ते लांबूनही कळतं. मी हीच गोष्ट घट्ट धरून ठेवली आणि ताईला घरी आणलं.

आता परवाचं सांगते, म्हणजे झालं. संध्याकाळची वेळ, अजून दिवे लावायचे होते. मुलं गेली होती. मी स्वयंपाकघरात होते आणि ताई बाहेरच्या खोलीत खेळणी उचलत होती. दाराची घंटा वाजली. दोनदा, तुटक. भाऊजी तशी वाजवायचे. किल्ली असली तरी वाजवायचे, कारण ताईने दार उघडलेलं त्यांना आवडायचं.

खेळणी खाली पडल्याचा आवाज आला. ताई दाराकडे धावली. "आले, आले!" तिचा आवाज फुटत होता. "थांबा हं, जाऊ नका, जागा आहे... जागा आहे!"

मी ओल्या हातांनी स्वयंपाकघराच्या दारात आले. आणि तेव्हाच, बाहेरच्या खोलीतून, ताईच्या मागून, कोणीतरी घसा साफ केला. आणि अगदी सभ्यपणे, जागा धरून बसलेला माणूस सांगतो तसं, कोणीतरी म्हणालं,

"माणूस आहे."



"बरं," असं दारापलीकडून ऐकू आलं. एकदाच.

पावलं जिना उतरायला लागली. जड बूट, पण या वेळी घाई नव्हती.

"ताई, उघड!" मी ओरडले. "उघड ना, ते चाललेत!"

"कशी उघडू?" ती माझ्याकडे न वळता म्हणाली.

तिचा उजवा हात कडीकडे लांब केलेला होता. बोटं ताणलेली. कडी तिथून वीतभर लांब होती. आणि डावा हात मागे, खांद्यापासून सरळ, ताठ. त्या हाताच्या टोकाला काहीच नव्हतं. फक्त भिंतीशी तिच्या पलंगाशेजारची ती खुर्ची होती.

खुर्ची रिकामी होती. अस्वल मात्र खाली पडलेलं नव्हतं. कोणीतरी ते उचलून, पाठ भिंतीला टेकवून, पाय नीट पुढे सोडून जमिनीवर बसवून ठेवलं होतं. त्याच्या मांडीवर निळ्या काठाचा रुमाल होता.